चवदार तळ्यापासून शेवटच्या नळापर्यंत

'शुद्धीकरण' हा शब्द आपल्या माणसांच्या कानाला आजही बोचतो, आणि त्याला कारण महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणून तिथल्या सनातन्यांनी त्यातून १०८ घागरी पाणी उपसले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी तळ्यात बुडवल्या, मंत्र म्हटले आणि पाणी शुद्ध झाल्याचे जाहीर केले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कोणत्याही आरोग्य सेवकाला विचारा. पिण्याच्या पाण्यात शेणमूत कालवणे याला तो एकच शब्द वापरील : दूषितीकरण. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, हे मनुवादी पाणीशास्त्र होते!

या इतिहासातली एक गोष्ट मात्र आपण भाषणांतून घाईने ओलांडतो. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे सत्याग्रहाच्या आधीच हक्क कागदावर होता. नव्हती ती अंमलबजावणी. पुढे पालिकेने तो ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे एका तळ्यासाठी! ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये प्रशासन नावाची जी वस्तू असते, तिच्यावर कोणाचा ताबा आहे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. फक्त आज तो तळ्याच्या काठावर दिसत नाही, पाइपात दिसतो.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि हिंदू, मुस्लिम, बौद्ध, आदिवासी सगळेच तिथे येतात. तिथली दंतकथा प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्याकडचे नारळ व इतर माल दगड होऊन बसला. टेकडीवर सापडणारे गोल दगड त्याचा पुरावा म्हणून दाखवतात. भूगर्भशास्त्र सांगते की ते झिओलाइटी खनिजाचे गोळे आहेत, काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले. नारळाचा दगड झाला की नाही, या वादात पडायचे कारण नाही. पण ब्लिचिंग पावडरचा दगड होतो, हे कोणत्याही ग्रामपंचायतीचे कोठार उघडून पाहावे. टीसीएलचे पोते फाटके, ओल लागलेले, वर्षभर पडून गोळा झालेले. त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. चांगल्या टीसीएलमध्ये क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असावे लागते आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, असा नियम आहे. ओल, ऊन आणि उघडे तोंड हे तिचे तीन शत्रू. अशी मेलेली पावडर टाकीत टाकली की रजिस्टरात 'शुद्धीकरण केले' अशी नोंद होते, सही होते, आणि पाणी जसेच्या तसे राहते. मंत्र म्हणून पाणी शुद्ध करण्याचाच हा सरकारी प्रकार म्हणायचा.

शहरात नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यासाठी मोठे जलशुद्धीकरण केंद्र असते. तुरटी टाकून गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचे, मग क्लोरीन द्यायचा. गढूळपणा बदलला की तुरटीची मात्राही बदलावी लागते, म्हणून तिथे रोज तपासणी करणारा माणूस लागतो. विहिरी-बोअरवर चालणाऱ्या गावात मात्र सारा 'विभाग' म्हणजे एक ग्रामपंचायत अधिकारी (काल-परवापर्यंतचा ग्रामसेवक), एक जलसुरक्षक, टाकीखालचे वॉल्व्ह आणि कोपऱ्यातले ते पोते. काम अवघड नाही. साधारण एक हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम चांगली पावडर लागते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ द्रावण टाकीत सोडायचे आणि किमान अर्धा तास थांबायचे. मग नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाच्या तोंडाशी शिल्लक असला पाहिजे. यालाच ओटी टेस्ट म्हणतात. दहावी नापास मुलगाही ती करू शकतो.

कळीचा प्रश्न हा की ती कोणत्या नळावर करायची?

बहुतेक ठिकाणी ती टाकीजवळच्या नळावर होते, सरपंचांच्या किंवा पुढाऱ्यांच्या आळीत होते, कारण तिथे रंग हमखास पिवळा येतो. पण पाइपलाइनचे गणित वेगळे असते. टाकीतून निघालेला क्लोरीन वाटेतली घाण मारता मारता संपत जातो. जितके अंतर लांब तितका तो कमी. आणि गावकुसाबाहेरची वस्ती शेवटी असते, बहुतेकदा उतारावर, नाल्याकाठी असते. तिला तिथे कोणी बसवले हे सांगायला नको. चोवीस तास पाणी नसते, तासभर सुटते आणि बंद होते. बंद झाले की पाइपातला दाब उतरतो आणि नालीतून गेलेल्या फुटक्या जोडातून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. वरच्या आळीत टुल्लू पंप लावून पाणी खेचले जाते, तेव्हा हीच गत दुप्पट होते. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की ती घाण पहिल्या धारेबरोबर वस्तीतल्या गुंडात पडते. जातीने ठरवलेली गावाची रचना अशी पाण्याच्या दाबात उतरते. अभियंत्याच्या मनात जात असो वा नसो, नकाशातच ती आहे. म्हणून वस्तीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट पिवळी येत नाही तोपर्यंत त्या गावाचे पाणी शुद्ध झाले असे म्हणता येणार नाही. टाकीजवळचा रंग हा फक्त टाकीचा रंग आहे.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला आणि आदिवासी दगावले. नळयोजनेचे वीजबिल थकले, वीज तोडली गेली आणि लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले. योजना होती, पाइप होता, नळ होता. बिल भरणारा विभाग नव्हता. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा सिंहगड रस्ता, नांदेड गाव अशा महापालिकेत नव्याने आलेल्या भागांच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. पुण्यासारख्या श्रीमंत महापालिकेतही सीमेवरच्या माणसांना शुद्धीकरण शेवटी मिळते.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची कथा तर आपल्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या या शहराचे पाणी एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटकडून बंद करून फ्लिंट नदीवरून घेतले गेले. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात टाकावे लागणारे रसायन टाकलेच नाही. जुन्या पाइपांतले शिसे लेकरांच्या पोटात गेले. लोक बाटल्या भरून तपकिरी पाणी दाखवत होते आणि अधिकारी ते निर्धोक असल्याचे सांगत होते. मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ साली सांगितले की यामागे व्यवस्थेतला वंशभेद आहे. कोणी काठी घेऊन नळावर उभे नव्हते.

आता चावीचा प्रश्न. गावात वॉल्व्हची चावी ज्याच्या हाती, त्याच्या हाती पाणी. कोणती आळी आधी, कोणती नंतर, किती मिनिटे, हे तोच ठरवतो, आणि त्याला कोण ठरवून देते हे गाव जाणते. आपला पोर टाकी धुवायला चालतो, गाळ उपसायला चालतो. पाणी सोडणारा म्हणून त्याची नेमणूक करायची म्हटली की कुजबुज सुरू होते. ज्याची नेमणूक होते तोही काही राजा नसतो. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा पगार करवसुलीच्या टक्केवारीशी बांधल्यामुळे वसुली घसरली की त्याचे घर उपाशी. महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या माणसाकडून रोज पहाटे पाच ग्रॅमचा हिशेब ठेवण्याची अपेक्षा करणारे धोरणकर्ते धन्य होत. त्याच्या किमान वेतनाची लढाई ही वस्तीच्या पाण्याचीच लढाई आहे, असे मला वाटते.

बाबासाहेबांनी पाण्याकडे केवळ सत्याग्रही म्हणून पाहिले नाही, हे येथे आठवते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळात झाली आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ असलेली केंद्रीय संस्था १९४५ साली उभी राहिली. तळ्याकाठी ओंजळ भरणारा नेता पुढे खात्याच्या फायली वाचत बसला. आपल्या चळवळीने २० मार्चचा मेळावा उचलला, फायली मात्र उचलल्या नाहीत. महाडला जाणाऱ्या गाड्या भरतात. ग्रामसभेत पाण्याचे रजिस्टर मागणारा एकही हात वर होत नाही.

पैसा नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. तो कोठे गेला, हे ग्रामपंचायतीच्या खात्यात लिहिलेले आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करण्याचे बंधन आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाण्याचा वायदा केला आहे. गिरड असो की समुद्रपूर तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, येत्या ग्रामसभेत वस्तीतल्या लोकांनी लेखी विचारावे : टीसीएलचा नमुना प्रयोगशाळेत शेवटचा केव्हा गेला आणि किती टक्के निघाला? टाकी धुतल्याची तारीख टाकीवर का लिहिलेली नाही? ओटी टेस्ट कोणत्या घरच्या नळावर केली?

आणि एक. पाणी तपासण्यासाठी प्रत्येक गावातल्या पाच महिलांना किट हाताळण्याचे प्रशिक्षण द्यायचे, अशी या मिशनमध्ये तरतूद आहे. त्या पाच जणींत आपल्या वस्तीतल्या किती, हे विचारा. किटचा डबा कोणाच्या कपाटात आहे, तेही विचारा. तपासणी नळ सुटतो तेव्हा पहाटेच करावी लागते, वस्तीच्या टोकाला चालत जाऊन. दुपारी ग्रामपंचायतीत बसून ती होत नाही.