साडेतीन तासांचं घर, वीस वर्षांचे हप्ते

३ तास, २६ मिनिटं, ३४ सेकंद. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, शेल्बी काउंटीत, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या स्वयंसेवकांनी एवढ्या वेळात एक अख्खं घर उभं केलं. पायाचं काँक्रीट आधी घातलेलं होतं आणि लाकडी सांगाड्याचं अमेरिकन घर म्हणजे आपलं विटा-सिमेंटचं बांधकाम नव्हे, हे कबूल. तरी डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत भिंती, छप्पर, दारं-खिडक्या सगळं जागच्या जागी, ही गोष्ट काही साधी नाही.

पण विक्रम हा या संस्थेचा मुख्य उद्योग नाही. मिलर्ड फुलर नावाचा वकील तिशीच्या आत दहा लाख डॉलरचा धनी झाला, मग त्याने आणि बायको लिंडाने सगळं विकून टाकलं आणि १९७६ साली जॉर्जिया राज्यात ही संस्था काढली. तत्त्व सोपं होतं. घर फुकट द्यायचं नाही, नफा घ्यायचा नाही आणि गरिबाकडून व्याज घेऊ नये ही बायबलमधली आज्ञा पाळायची. पहिल्यांदाच घर घेणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या घरावर शेकडो तास राबायचं आणि मुद्दल हप्त्याहप्त्याने फेडायचं. त्या हप्त्यांतून पुढचं घर. आज संस्था सांगते की तिच्यामुळे ६ कोटींहून अधिक माणसांना घर मिळालं किंवा आहे ते सुधारता आलं.

माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ मध्ये या कामात उतरले. त्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये त्यांनी हाती घेतलं ते नवं घर नव्हतं, तर १९ कुटुंबांसाठी दुरुस्त करायची एक सहा मजली मोडकळलेली इमारत होती. २००६ साली, ऑक्टोबर संपता संपता, ते आपल्या लोणावळ्याजवळ पाटण गावी आले. सुमारे दोन हजार स्वयंसेवक, पाच दिवस, शंभर घरं. ब्रॅड पिट येऊन गेला म्हणून वर्तमानपत्रांनी जागा दिली. नाही तर दिली असती की नाही, शंकाच आहे.

या आकड्यांत मला रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. दोन हजार माणसं गुणिले पाच दिवस म्हणजे दहा हजार मनुष्यदिवस. शंभर घरांत वाटले तर घरामागे शंभर. आता सरकारी घरकुलाचा हिशोब पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, ठेकेदार नेमायला मनाई असते आणि लाभार्थ्याच्या स्वतःच्या राबण्याबद्दल रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी धरलेली असते. एकीकडे जगभरचे हौशी लोक, दुसरीकडे दिल्लीतली फाइल. दोघांचा आकडा शंभरच्या आसपास. गवंडी, सुतार सोडले तर लहान घर म्हणजे शंभरेक दिवसांची हातमजुरी, एवढंच.

आता गरज किती ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या घरविषयक संस्थेचा अंदाज असा की २०३० पर्यंत ३०० कोटी माणसांना धड घर हवं असेल आणि त्यासाठी रोज ९६,००० परवडणारी घरं बांधावी लागतील. तासाला ४,०००. सेकंदाला एकाहून जास्त. कार्टर दांपत्याने जवळजवळ चार दशकांत, १४ देशांत, एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांबरोबर बांधलेली आणि दुरुस्त केलेली घरं सुमारे ४,४००. जगाची एक तास सहा मिनिटांची गरज!

मग हात कमी पडतात का? मुळीच नाही. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी भारतात १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची तूट काढली होती. घरामागे शंभर दिवस धरले तर १८८ कोटी मनुष्यदिवस. २०२०-२१ या एका वर्षात देशातल्या रोजगार हमीवर ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. म्हणजे सगळ्या तुटीची हातमजुरी एका वर्षाच्या रोजगार हमीच्या निम्म्यात बसते.

त्याच अहवालाच्या पोटात आणखी चकित करणारे आकडे आहेत. तुटीतली बेघर कुटुंबं ५ लाख ३० हजारच. दीड कोटी कुटुंबांना छप्पर आहे, पण त्याखाली दाटी आहे. त्यांना हवी आहे एक जास्तीची खोली. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतली रिकामी घरं होती १ कोटी ११ लाख. ती कुणाला परवडत नव्हती, किंवा भाड्याने द्यायची मालकाला भीती वाटत होती.

परवडत नाही याचा अर्थ गणिताने कळतो. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता सुमारे २७ हजार, एकूण फेड पावणेपासष्ट लाखांच्या घरात. निम्म्याहून अधिक पैसा विटेत जात नाही, व्याजात जातो. फुलरच्या पद्धतीने हाच हप्ता साडेबारा हजार झाला असता. स्वयंसेवकाच्या हातोड्याने घर थोडं स्वस्त होतं. खरा चमत्कार बिनव्याजी वहीत आहे. छायाचित्र मात्र हातोड्याचंच छापलं जातं.

लोणावळ्यात शंभर घरं झाली त्याच २००६ साली, एक सप्टेंबरला, सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते १०,००० घरं मिळाली. मागे आडम मास्तर, म्हणजे नरसय्या आडम, यांची अनेक वर्षांची चळवळ होती. घराची किंमत साठ हजार: वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस कामगाराचे. तिथे कोणी राष्ट्राध्यक्ष करणी घेऊन उभा नव्हता. दोन तृतीयांश रक्कम सरकारांनी उचलली आणि संस्थेने जमीन मिळवली, म्हणून विड्या वळणाऱ्या बाईला घर घेता आलं. त्याच कुंभारीत पुढे रे नगरची ३०,००० घरांची वसाहत आखली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिच्यातली पहिली १५,००० घरं कामगारांच्या ताब्यात आली.