यंत्राविना घरगुती सॉर्बे : मऊपणाचे गणित साखरेत

बिजौली (झाशी) : फळांचा गर रात्री फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सकाळी डब्यात दगडासारखा ठोकळा मिळावा, चमचा वाकावा पण तुकडा निघू नये, हा घरी सॉर्बे करू पाहणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे. दोष बहुधा आइस्क्रीमचे यंत्र नसण्याला दिला जातो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा साखरेच्या मापाचा असतो. प्रकृतीच्या काळजीने किंवा फळ मुळातच गोड आहे या समजुतीने साखर कमी केली जाते आणि तिथेच पदार्थ बिघडतो. सॉर्बेमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. यंत्र जे काम करते त्यातील मोठा वाटा ती उचलते.

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील बिजौली हा परिसर औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखला जातो. बुंदेलखंडातील इतर गावांप्रमाणे येथेही उन्हाळा अंगावर येतो. मे २०२४ च्या अखेरीस झाशीत पारा ४९ अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. अशा हवेत सकाळी आणलेले पिकलेले फळ संध्याकाळपर्यंत उतरू लागते. फालसा, जांभूळ यांसारखी नाजूक फळे तर दुसरा दिवस क्वचितच पाहतात. नासू पाहणारे फळ वाचवण्याचा आणि घशाला गारवा देण्याचा सॉर्बे हा सोपा मार्ग आहे. त्याला दूध लागत नाही, साय लागत नाही, अंडेही लागत नाही. फळ, साखर, थोडा आंबटपणा आणि थंडी एवढ्यावर काम भागते.

नाव परके वाटले तरी ते आपल्याच घरातील शब्दाचे नातलग आहे. पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून निघालेला शब्द फारसी, तुर्की वाटांनी फिरत इटलीत ‘सोर्बेत्तो’ आणि फ्रान्समध्ये ‘सॉर्बे’ झाला. त्याच मुळाचा आपल्याकडचा शब्द म्हणजे सरबत.

उष्ण प्रदेशात गारवा मिळवण्याची धडपडही जुनीच आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची कृती दिली आहे. तोंड बंद केलेले पाण्याचे धातूचे भांडे सोरा विरघळवलेल्या पाण्यात सुमारे पाव तास फिरवत राहायचे. पुढे १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातील बर्फनिर्मितीचे वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरत, त्यांवर मातीच्या उथळ, सच्छिद्र थाळ्यांत पाणी ठेवत. हिवाळ्यातील निरभ्र रात्री त्या पाण्यावर बर्फ धरे आणि सूर्योदयापूर्वी तो गोळा केला जाई. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, आणि झाशी ही दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या पट्ट्यात एके काळी रात्रभर जागून थाळीभर बर्फ मिळवावा लागे, तेथे आज घरोघरी उणे १८ अंशांचा कप्पा आहे.

आता साखरेचे गणित. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात साखर विरघळली की गोठणबिंदू खाली सरकतो. मिश्रणात साखरेचे प्रमाण २५ टक्के असेल तर ते सुमारे उणे दोन अंशांना गोठू लागते. पण महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडते. गोठते ते फक्त पाणी. साखर उरलेल्या द्रवात साठत जाते, तो द्रव अधिकाधिक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. त्यामुळे घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांनाही, काही भाग पाकासारखा द्रवच राहतो. बर्फाच्या कणांमधला हा पाक म्हणजेच सॉर्बेचा मऊपणा. १० टक्के साखरेच्या मिश्रणाचा सुमारे ८५ टक्के भाग बर्फ होतो. २५ टक्के साखर असेल तर बर्फ ६० टक्क्यांच्या थोडा पुढे थांबतो. ठोकळा आणि सॉर्बे यांतील फरक एवढाच आहे.

साधारण २५ टक्के हे लक्ष्य धरले तरी ती सगळी साखर वरून घालायची नसते, कारण फळाची स्वतःची साखर त्यात मोजावी लागते. चांगल्या पिकलेल्या आंब्याच्या गरात ती साधारण १६ टक्के असते, संत्र्याच्या रसात ११, तर स्ट्रॉबेरी आणि कलिंगडात आठ टक्क्यांच्या आसपास. त्या हिशेबाने अर्धा किलो आंब्याच्या गराला ६० ग्रॅम साखर पुरते. तेवढ्याच संत्र्याच्या रसाला ९० ते ९५ ग्रॅम, तर स्ट्रॉबेरी किंवा कलिंगडाला ११० ते ११५ ग्रॅम लागते. वजनकाटा नसल्यास १५ मिलिलिटरचा मापाचा चमचा घ्यावा. सपाट भरलेल्या चमच्यात १२ ते १३ ग्रॅम साखर मावते. फळ कमी-अधिक पिकलेले असेल तर हे आकडे थोडे सरकतात, म्हणून जिभेचीही साक्ष घ्यावी. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे गोठवण्यापूर्वी मिश्रण जरा जास्तच गोड लागले पाहिजे. नेहमीच्या सरबताइतके गोड लागले, तर ते कमी पडले असे समजावे.

फ्रान्समधील स्वयंपाकी यासाठी अंड्याची युक्ती वापरत. स्वच्छ धुतलेले कच्चे अंडे कवचासह मिश्रणात सोडायचे; त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसला की साखर बरोबर. शाकाहारी घरांत याहून सोपी परीक्षा आहे. स्टीलच्या बशीत चमचाभर मिश्रण पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवावे. ते काचेसारखे कडक झाले तर साखर वाढवावी, गोठलेच नाही तर गर किंवा पाणी वाढवावे.

गोडी न वाढवता मऊपणा हवा असेल तर दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर उपयोगी पडते. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो. त्यामुळे तेवढ्याच वजनात त्याचे रेणू अधिक येतात आणि गोठणबिंदू अधिक खाली जातो. गोडी मात्र साखरेपेक्षा कमी असते. एकूण साखरेचा चौथा भाग ग्लुकोजने बदलला तरी फरक जाणवतो. मधही असेच काम करतो, पण त्याचा वास फळावर कुरघोडी करतो.

साखर विरघळवण्यासाठी पाक करण्याची गरज नाही. उष्णतेने ताज्या फळाचा गंध उडतो. गरात साखर घालून दहा-पंधरा मिनिटे अधूनमधून ढवळले की ती विरघळते. त्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालावे. आंब्यासारख्या गोड फळाला अर्ध्या किलोमागे एक लिंबू लागते, संत्र्याला त्याहून कमी. मिश्रण गोठवण्यापूर्वी फ्रिजमध्ये चांगले गार करणे ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळू नये. कोमट मिश्रण फ्रीझरमध्ये सावकाश गोठते आणि गोठणे जितके सावकाश, तितके बर्फाचे कण मोठे.

यंत्राचे उरलेले काम म्हणजे मिश्रण सतत हलवून हे कण लहान ठेवणे. त्याला घरात दोन पर्याय आहेत. पहिला काट्याचा. पसरट स्टीलच्या डब्यात मिश्रणाचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर घ्यावा. कडा गोठू लागल्या की दर अर्ध्या तासाने काटा-चमच्याने खरवडून आत ओढाव्यात. असे चार-पाच वेळा केले की रवाळ, चुरचुरीत पदार्थ मिळतो. इटलीत यालाच ग्रानिता म्हणतात. कलिंगड आणि संत्र्याला हीच पद्धत शोभते, कारण त्यांच्या रसात दाटपणा कमी असतो आणि कितीही प्रयत्न केला तरी ते लोण्यासारखे होत नाहीत.

दुसरा पर्याय मिक्सरचा आणि घरगुती सॉर्बेसाठी तोच अधिक भरवशाचा. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये किंवा पातळ थरात पूर्ण गोठवावे, तुकडे करून आधीच गार केलेल्या मिक्सरच्या भांड्यात घालावेत आणि थांबत थांबत फिरवावे. सलग फिरवल्यास भांडे तापते आणि हाती पुन्हा रस येतो. एका वेळी थोडेच तुकडे घ्यावेत. तयार गोळा लगेच झाकणाच्या डब्यात भरून तासभर पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावा. आंबा, चिकू, केळे यांचा गर मुळात दाट असल्याने या पद्धतीने ते बाजारातील सॉर्बेच्या तोडीचे होतात. पातळ रसाच्या फळात अर्धे पिकलेले केळे मिसळण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. पोत सुधारतो हे खरे, पण मग प्रत्येक सॉर्बेला केळ्याचीच चव येते.

बुंदेलखंडातील फळांना मात्र थोडी निराळी वागणूक द्यावी लागते. बेलफळाचा गर पाण्यात भिजवून हातानेच कुस्करावा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या तर कडूपणा उतरतो. चाळणीतून गाळलेल्या या गराला अंगचाच बुळबुळीत दाटपणा असतो, त्यामुळे बेलाचे सॉर्बे फार खटपट न करता मऊ होते. फालशाच्या बिया गाळूनच काढाव्या लागतात आणि त्याच्या आंबटपणामुळे लिंबू लागत नाही. जांभळाचा तुरटपणा चिमूटभर जास्त मिठाने निवळतो.

स्ट्रॉबेरी म्हटले की मराठी वाचकाला महाबळेश्वर आठवते. तेथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. झाशीतही हे फळ रुजू लागले असून जानेवारी २०२१ मध्ये येथे स्ट्रॉबेरी महोत्सव सुरू झाला. ३१ जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची दखल घेतली होती. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या येथील एका तरुणीने आधी घरी आणि मग शेतात ही लागवड यशस्वी केल्याचे त्यांनी सांगितले होते. अडचण हंगामाची आहे. फळ हिवाळ्यात येते आणि सॉर्बेची इच्छा वैशाखात होते. त्यासाठी हंगामाच्या शेवटी, फळ स्वस्त झाल्यावर, गरात साखर मिसळून तो पातळ थरात गोठवून ठेवावा. मे महिन्यात तो थेट मिक्सरमध्ये घालता येतो.

फ्रीझर नसेल किंवा ऐन वेळी वीज गेली, तर बर्फ आणि खडेमीठ कामाला येते. लाकडी बादलीतील पॉट आइस्क्रीममागचे आणि कुल्फीवाल्याच्या मटक्यामागचे तत्त्व हेच आहे. मोठ्या पातेल्यात तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ थरांनी घालावे. मधोमध घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवून तो हाताने उलटसुलट फिरवत राहावे. मीठ बर्फाला वितळायला लावते, वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातील मिश्रणातून खेचली जाते आणि तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. या मिश्रणाची मर्यादा सुमारे उणे २१ अंश आहे. दर दहा मिनिटांनी डबा उघडून कडा खरवडल्या की पाऊण तासाच्या आसपास सॉर्बे धरते. मिठाचा बर्फ उघड्या हाताने धरू नये, त्वचेला इजा होते. झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे, कारण खारट पाण्याचा एक थेंबही चव घालवतो.

येथे बर्फाबद्दल सावध राहणे आवश्यक आहे. कारखान्यातून येणारा सर्वच बर्फ खाण्यायोग्य नसतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचे निर्देश दिले. असा बर्फ डब्याबाहेर चालेल, डब्यात कधीही नाही. शंका असेल तर पांढरा बर्फही बाहेरच ठेवावा.

सॉर्बे म्हणजे ‘नुसते फळ’ असा समज मधुमेही व्यक्तींसाठी धोक्याचा ठरू शकतो. १०० ग्रॅम सॉर्बेत सुमारे २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीने फळांच्या गरात व दुधात नैसर्गिकरीत्या असलेली साखर सोडून दिवसभरात घ्यावयाच्या साखरेची जी अधिक कडक मर्यादा सुचवली, ती साधारण २५ ग्रॅमच आहे. साखर कमीच हवी असेल तर पाककृतीतून ती काढण्यापेक्षा वाटी लहान घेणे बरे. किंवा मग साखर न घातलेला गर गोठवून काट्याने खरवडून लगेच खावा. तो मऊ होणार नाही हे धरून चालावे.

तयार सॉर्बेच्या पृष्ठभागाला चिकटेल असा स्वच्छ प्लास्टिकचा कागद लावून डबा बंद करावा आणि तो फ्रीझरच्या दारापासून दूर, आत ठेवावा. दार वारंवार उघडल्याने बर्फाचे कण वितळून पुन्हा मोठे होतात, म्हणून आठवडाभरात ते संपवलेले चांगले. खाण्यापूर्वी डबा ओट्यावर काढून ठेवण्याचा सल्ला थंड देशांतील पुस्तकांत असतो. झाशीच्या उन्हाळ्यात तसे केल्यास कडेचा भाग वितळतो आणि मधला कडकच राहतो. त्याऐवजी तो पंधरा मिनिटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

वीज गेल्याने सॉर्बे सैल झाले पण डबा अजून गार आणि आत बर्फ शिल्लक असेल, तर ते पुन्हा गोठवून मिक्सरमधून काढता येते. पूर्ण वितळून तासन्‌तास उष्ण हवेत राहिले असेल तर टाकून द्यावे. नुकतेच वितळलेले आणि अजून थंड असलेले मात्र वाया घालवण्याचे कारण नाही. त्यात दुप्पट गार पाणी आणि थोडे लिंबू घातले की साखरेचे प्रमाण पिण्याजोगे होते.