वेगाची वाट उशिरा धरलेली विजेती

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून गेला आणि वेग हा येथील गप्पांचा विषय झाला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती ओलांडणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. वेगाची हौस फेडण्याची जागा रस्ता नव्हे, तर त्यासाठीच बांधलेली बंदिस्त धावपट्टी, म्हणजे सर्किट. अशाच एका सर्किटवर महाराष्ट्राच्या एका महिलेने ऑगस्ट २०२४ मध्ये इतिहास घडविला. क्रिकेटच्या गदारोळात ती बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

पुण्याच्या डायना पंडोले यांनी चेन्नईजवळील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफ राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटाचे विजेतेपद मिळविले. मोटारशर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावणारी पहिली भारतीय महिला, अशी त्यांची नोंद झाली. यातील ‘पहिली महिला’ हे शब्द वाचून महिलांसाठी वेगळा गट असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. तसे नव्हते. कुस्ती असो वा टेनिस, महिलांची स्पर्धा वेगळी होते. मोटारशर्यतीत मात्र स्त्री-पुरुष एकाच रांगेतून सुटतात आणि निकाल घड्याळ लावते. डायना यांना हरवायचे होते ते पुरुष स्पर्धकांनाच.

सलून म्हणजे आपल्या रस्त्यांवर दिसते तशी, बंद छताची मोटार. शर्यतीसाठी तिच्यातील गाद्या काढून टाकतात, चालकाच्या रक्षणासाठी आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात. वातानुकूलन नसते. चेन्नईचा उकाडा, अंगावर आगरोधक पोशाख, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रत्येक वळणावर मान बाहेरच्या बाजूला खेचली जाते. एका गटातील गाड्या जवळपास सारख्याच असल्याने इंजिनाच्या जोरावर पुढे जाण्याची सोय नसते. वळणापूर्वी ब्रेक नेमका कोठे दाबायचा, यात क्षणाचीही चूक झाली तर मागचा स्पर्धक पुढे गेलाच म्हणून समजावे. ताकदीपेक्षा येथे सराव आणि डोके थंड ठेवण्याची सवय अधिक कामी येते.

जगातही या क्षेत्रात महिलांची वाट अरुंदच राहिली. इटलीच्या लेला लोम्बार्डी यांनी १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये सहावा क्रमांक मिळविला. शर्यत मध्येच थांबविली गेल्याने त्यांच्या वाट्याला अर्धाच गुण आला. पण फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपद शर्यतीत गुण मिळविणारी त्यांच्याखेरीज दुसरी महिला अद्याप झालेली नाही. रॅलीत फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनी १९८१ मध्ये सान रेमो रॅली जिंकली आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत दुसरे स्थान पटकावले.

बहुतेक नामवंत चालक सहा-सात वर्षांचे असतानाच कार्ट या छोट्या उघड्या गाडीत बसतात. मूल कार्टिंगला पाठवायचे तर खर्च फार, आणि मुलीसाठी तो करण्यास किती घरे तयार होतील? डायना यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण येथेच आहे. त्यांची सुरुवात बालपणी झाली नाही. २०१८ मध्ये जे. के. टायर कंपनीच्या महिला चालकांसाठीच्या उपक्रमात त्यांची निवड झाली, तेव्हा त्या वयाने प्रौढ होत्या. दोन मुलांची आई असलेल्या या चालकाने संसार सांभाळत सराव केला आणि सहा वर्षांत राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत मजल मारली. निवडीचा असा दरवाजा उघडला नसता तर ही गुणवत्ता कोणाच्या ध्यानातही आली नसती.

सरावासाठी जावे लागते तेही दूर. चाकण आणि छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात मोटारी, दुचाकी तयार होतात. पण मोटारशर्यतीची मोठी सर्किट चेन्नई, कोईमतूर आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. महाराष्ट्रात कोल्हापूरसारख्या ठिकाणी कार्टिंगची धावपट्टी आहे, त्यापुढचा टप्पा मात्र परराज्यात. जालन्याच्या एखाद्या मुलीला हा छंद जडलाच तर गाडी आणि टायर यांच्या आधी प्रवासाचाच हिशेब मांडावा लागेल. वाहन उद्योगाचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला ही उणीव शोभत नाही.

डायना यांचा पुढचा टप्पा देशाबाहेरचा आहे. आखाती देशांतील सर्किटवर होणाऱ्या फेरारी क्लब चॅलेंज मिडल ईस्ट या मालिकेच्या २०२५-२६ च्या हंगामासाठी त्यांचे नाव २०२५ मध्ये जाहीर झाले. गाडी फेरारी २९६ चॅलेंज, शक्ती सुमारे ७०० अश्वशक्ती. आपल्या घरासमोर उभ्या असणाऱ्या साध्या मोटारीची शक्ती शंभराच्या आसपास असते.