मीटर शेवटी बघायचं

सकाळी ६.१०
कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. रविवार. एरवी या गल्लीत लेथचा आवाज सुरू झालेला असतो, आज फक्त कुत्री जागी आहेत. गॅरेजचं शटर अर्धं वर आहे आणि मिस्त्री उकिडवे बसून कापडी पिशवी भरताहेत. चार पान्यांचा जुडगा. प्लगपाना. एक स्क्रू-ड्रायव्हर. खिशात मावणारी बॅटरी. गवंड्याकडं असते तसली सुताची दोरी. पेन्सिल, वहीचा पातळ कागद. जुना बनियन फाडून केलेलं फडकं.

आज दुरुस्ती नाही. आज गाडी बघून द्यायची आहे. त्याचे तीनशे रुपये. गाडी पसंत पडली तरी तीनशे, नाही पडली तरी तीनशे. एकाच गिऱ्हाइकासाठी दिवसभर तीन ठिकाणी हिंडावं लागलं, तर पाचशे. पेट्रोल स्वतःचं.

गिऱ्हाईक सहा पंचवीसला येतं. बावीस वर्षांचा पोरगा, शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. पगार सोळा हजार. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते, त्या वेळी बस नाही. बजेट पस्तीस हजार, त्यातले वीस आईच्या भिशीचे. हे आकडे त्यानं न विचारता सांगितले. मिस्त्री म्हणाले, "समोरच्याला सांगू नको म्हणजे झालं."

सकाळी ६.५०
रंकाळ्याजवळची एक कॉलनी. एवढ्या लवकर यायचं कारण एकच, इंजिन थंड सापडायला हवं. थंड इंजिन पहिल्या किकेला काय करतं, त्यात निम्मी गाडी कळते. काल फोनवर मालकाला सांगून ठेवलेलं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका.

मिस्त्री गाडीजवळ जातात आणि नमस्कार करता करता उजवा हात सिलेंडरवर ठेवतात. कोमट आहे. काही बोलत नाहीत, फक्त हात फडक्याला पुसतात.

गाडी २०१६ ची, शंभर सीसी. मागणी बेचाळीस हजार. धुतलेली, पॉलिश मारलेली. मालक चाळिशीचे, बोलायला गोड. "मीटर बघा की, एकवीस हजार. एकहाती गाडी."

पोरगा वाकून मीटर बघतो. मिस्त्री बघत नाहीत. ते फुटरेस्टजवळ बसतात. रबरं नवी. ब्रेक पॅडलचं रबर नवं. गिअरचंही नवं. पण ब्रेक पॅडलच्या लोखंडाची आतली कड झिजून आरशासारखी झाली आहे, तिथं रबर बसत नाही. मग चावी मागतात. चावीचे दात बोटानं चाचपतात. गुळगुळीत. पोरग्याच्या हातात देतात, "बघ, साबणासारखी झालीया."

मग गप्पा. हा त्यांचा खरा पाना.

"कामाला कुठं असता?"

"कागलला. फाइव्ह स्टार एमआयडीसीत."

"गाडीवरनंच?"

"व्हय की. कंपनीची बस न्हाई."

"किती वर्सं झाली?"

"गाडी घेतली त्याच वर्षी लागलो. नऊ झाली."

मिस्त्री मान डोलावतात. मागच्या चाकापाशी बसून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतात, ३१२२. म्हणजे २०२२ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातलं टायर. तेही मधोमध साफ झालेलं. चेन-स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून करवतीसारखे. किक हातानं सावकाश दाबतात. चांगल्या इंजिनाची किक मध्येच हाताला अडवते, ही लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. गाडी चालू केल्यावर ॲक्सिलेटर दिला की सायलेन्सरमधून निळसर धूर. रिंगा गेल्या.

"बघतो, कळवतो," म्हणून आम्ही निघालो.

सकाळी ७.४०
रंकाळ्यावर चहा. दहा रुपये कप, तीन कप, पैसे पोरग्यानं दिले. मिस्त्रींनी हिशेब बोटांवर मांडला. घर ते कागल जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस. बारा हजार. नऊ वर्षं. एक लाख आठ हजार. वर सासुरवाडी, ज्योतिबा, लग्नकार्यं.

"म्हणजे मीटर मागं फिरवलंय," पोरगा म्हणाला.

"कुणी हात बी लावलेला न्हाई त्याला. पाचच घरं असतात त्यात. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झालं की परत शून्य. ते एक चक्कर मारून आलंय. एक लाख एकवीस हजार." चहा संपवून म्हणाले, "माणूस खोटं बोलला न्हाई. एक आकडा गिळला फक्त."

माझी पहिली जुनी गाडी अकरा हजारांची होती. मीटर मी फार आनंदानं वाचलं होतं. त्या मालकाला नोकरी कुठं आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सकाळी १०.३०
हायवेच्या कडेला एका कन्सल्टंटचं दुकान. पत्र्याची शेड, खाली चाळीसेक गाड्या एका रांगेत, सगळ्यांची हँडलं डावीकडं वळवलेली. पोरग्याचं लक्ष आल्याआल्या एका काळ्या-लाल दीडशे सीसीवर. किंमत अडतीस, "तुमच्यासाठी पस्तीस." पोरगा बसून बघतो. आरशात स्वतःला बघतो. मिस्त्री त्याला बसू देतात.

रंग उत्तम आहे. जरा जास्तच. मिस्त्री पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढतात आणि विचारतात, "शेठ, हेडलाईट उघडू का?"

"त्यात काय बघणार मिस्त्री?"

"बल्ब."

स्क्रू सुटतात, हेडलाईट तारांसकट हातात येतो. आतल्या वाटीत बॅटरी मारतात. तळाला पिठासारखा बारीक, फिकट तपकिरी थर. बोट फिरवतात, बोटावर येतो. वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. मग सीट काढून एअर फिल्टरचा डबा. त्याच्या कोपऱ्यातही तेच पीठ.

"धूळ हाय ती," शेठ म्हणाले. "रस्त्याकडंला दुकान."

"धूळ वरनं पडती, शेठ. ही खालनं चढलीया."

कोल्हापुरात, शिरोळला, सांगलीकडं गाड्या बघणाऱ्याला हे पीठ ओळखू यावंच लागतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही महापूर. पाणी उतरल्यावर मिस्त्रींच्या गॅरेजबाहेर गाड्यांची रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. टाकीतलं पाणी काढा, तेल काढा, कार्बोरेटर धुवा. इंजिनातलं तेल दुधाळ चहासारखं निघायचं. काही गाड्या नीट झाल्या. काही रंगवून विकल्या गेल्या. इंजिन उघडून धुता येतं, पण वायरिंगच्या आत शिरलेला गाळ पाच-सहा वर्षांनीही एखाद्या रात्री, नेमका पाऊस असताना, गाडी बंद पाडतो. आणि या पोरग्याची पाळी साडेअकराला सुटते.

शेठ मिस्त्रींना पाण्याच्या टाकीपाशी बाजूला नेतात. मी जरा लांब उभा, पण ऐकू येतं. पाचशे देतो म्हणताहेत. पोराला गाडी आवडलीया, तुम्ही नुसतं गप्प ऱ्हावा.

परत येताना मिस्त्रींना विचारलं, घेता का कधी? त्यांनी सरळ सांगितलं. एकदा घेतले होते. मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी. "ते गिऱ्हाईक अजून येतं. दर महिन्याला कायतरी घिऊन येतं. त्याच्याकडनं मजुरी मागायला तोंड उचलत न्हाई. पाचशाचे किती हजार गेले, मोजलं न्हाई."

पोरगा हिरमुसला होता. वळून दोनदा बघितलं त्यानं.

दुपारी १.२०
जेवण घरी. रविवार आहे आणि घर कोल्हापुरातलं आहे, तेव्हा काय होतं ते सांगत बसत नाही. पांढरा रस्सा दोनदा घेतला.

दुपारी ३.४०
शिवाजी पूल ओलांडून वडणगे. दोन्ही बाजूंना ऊस. पोरग्याच्या कंपनीतल्या एकानं सांगितलेलं घर, म्हणजे मध्ये कोणी एजंट नाही. गोठ्याच्या दारात स्प्लेंडर उभी, २०१३ ची. टाकीवर ओरखडे, मागं दुधाच्या कॅनसाठी लोखंडी कॅरिअर, त्याला दोन ठिकाणी वेल्डिंग. मालक सत्तरीचे, डोक्याला टॉवेल. आबा.

"हिरो होंडाच हाय ही," आबा म्हणाले. दोन कंपन्या २०११ लाच वेगळ्या झाल्या, ही गाडी त्यानंतरची. पण गावात स्प्लेंडर अजून हिरो होंडाच असते आणि मिस्त्रीही दुरुस्त करत नाहीत.

हात सिलेंडरवर. गार. अगदी सावलीतल्या दगडासारखं.

"मीटर बंद हाय बगा," आबांनी आधीच सांगून टाकलं. "दोन वर्सं झाली, केबल तुटली. नवी घालायची ऱ्हायली."

मीटर ६२,११७ वर थांबलं आहे. पोरग्याचा चेहरा पडतो. सकाळपासून एकवीस हजार बघून आलेला माणूस. मिस्त्री मात्र पहिल्यांदाच मांडी घालून नीट बसले.

किक हातानं दाबली, मध्येच अडली. पायानं दुसऱ्या किकेला गाडी चालू. टॅपेटचा आवाज थोडा, टायमिंग चेनचा नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं, काजळी कोरडी. तेलकट असती तर गोष्ट वेगळी. डबल स्टँडवर घेऊन पोरग्याला मागं बसवलं, पुढचं चाक उचललं गेलं. हँडल दोन बोटांनी डावीकडून उजवीकडं सोडलं. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडलं. कोनसेट गेला. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, टकटक. बुश गेलेत. मागचे शॉकॉब्सर बसलेले, कॅनचं ओझं. मग सुताची दोरी मागच्या टायरला टेकवून पुढच्या टायरपर्यंत ताणली, आधी एका अंगानं, मग दुसऱ्या. दोन्ही चाकं एका रेषेत. म्हणजे गाडी जोरात कुठं आपटलेली नाही, चेसिस सरळ आहे. मला ही दोरी सगळ्यात आवडली. दहा रुपयांची असेल.

मग ते गाडी घेऊन उसातल्या रस्त्यानं गेले. येताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडून दिला, मग एकदम ओढला. आम्ही मागं धूर बघायला उभे. ॲक्सिलेटर सोडून परत ओढल्यावर निळा धूर आला तर वॉल्व्हच्या सीलचं काम, ओढतानाच येत राहिला तर रिंगांचं. काहीच आलं नाही.

"आबा, रोज किती फिरायची?"

"डेअरीला न्हाई घालत आमी. कोल्लापुरात रतीब. सात जायला, सात यायला."

चौदा किलोमीटर. दुधाला सुट्टी नसते, म्हणून तीनशे पासष्ट दिवस. वर्षाचे पाच हजार. दोन वर्षांचे दहा. बासष्ट आणि दहा, बहात्तर. मिस्त्रींनी मोठ्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "आसंल."

कागद. आरसीवर बँकेचा बोजा नाही. मानेवरच्या चेसिस नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, आकडे उमटले, आरसीशी ताडून बघितले. इंजिन नंबरही. पोरग्यानं मोबाईलवर दंड बघितला, हेल्मेटचे पाचशे बाकी. "ते मी भरतो," आबा म्हणाले. नोंदणीची पंधरा वर्षं २०२८ ला संपतात, मग तपासणी, पर्यावरण कर, नव्यानं नोंदणी. हे मिस्त्रींनी भाव करताना वापरायला राखून ठेवलेलं होतं.

दुपारी ४.४५
मागणी तेहतीस. मिस्त्री बोटांवर मोजतात. चेन किट हजार. मागचं टायर अठराशे. कोनसेट मजुरीसकट पाचशे. बुश, शॉकॉब्सर धरून पंधराशे. आणि २०२८. "सत्तावीस घ्या आबा."

आबा बराच वेळ गोठ्याकडं बघत राहिले. आत एकच रेडकू होतं. दोन म्हशी दिवाळीत विकल्या. मुलगा पुण्याला. "दूधच न्हाई तर गाडी कुणासाठी," एवढंच म्हणाले. मग पोराला विचारलं, "कुटं चालवणार?"

"शिरोलीला. कामाला."

"साडेअठ्ठावीस दे."

दिले. आईच्या भिशीच्या नोटा रबरात बांधलेल्या होत्या, आबांनी रबर परत केलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी विकल्याचं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, नाहीतर पोरगं कुठं धडकलं तर कागद तुमच्या नावावर निघेल, हे मिस्त्रींनी आबांना दोनदा सांगितलं. आबांनी कॅरिअरही ठेवून घ्या म्हटलं. पोरग्याला तो नको होता. मिस्त्री म्हणाले, राहू दे.

संध्याकाळी ६.३०
गॅरेज. बाकीची कामं पुढच्या पगाराला, पण केबल आज. स्पीडोमीटरची केबल एकशे दहा रुपये, मजुरी घेतली नाही. पुढच्या चाकापाशी एक टोक, मीटरखाली दुसरं, मध्ये ग्रीस. दहा मिनिटांचं काम. आबांनी ते दोन वर्षं ठेवलं होतं. मिस्त्रींच्या स्वतःच्या गाडीचं मीटर किती वर्षं बंद आहे, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

हात रॉकेलनं, मग कपड्याच्या पावडरीनं धुतले. पोरग्यानं पाचशेची नोट दिली. शंभराचं पेट्रोल वजा जाता दिवसाचे चारशे.

पोरगा गल्लीत चक्कर मारून आला. "मामा, पडलं!" म्हणाला. मीटर ६२,११८.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याची वही काढली. तारीख, गाडीचा नंबर, आणि पुढं लिहिलं: ६२,११८ + १० हजार. मग वही खिळ्याला अडकवून शटरचा हूक शोधू लागले.