मोबाइलमधील बनावट ॲपचा उपद्रव व त्याचा बंदोबस्त

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २०१९ साली सुरू झाली. तीनुसार पात्र शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात वर्षाकाठी ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, थेट जमा होतात. या योजनेवरील विश्वासाचाच गैरफायदा अलीकडे भामटे घेऊ लागले आहेत. गावच्या व्हॉट्सॲप गटात योजनेच्या नावाची एक फाईल येते; नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ती पुष्कळदा ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून आलेली असते, त्यामुळे शंकेस जागा राहत नाही. पाठविणाऱ्यास मात्र त्याची वार्ताही नसते. त्याचा फोन आधीच बाधलेला असतो.

'एपीके' फाईल म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसविण्याचा संच होय. अशी फाईल स्वतः वाईट नसते, परंतु ती कोणी तयार केली हे पाहणाऱ्यास कळत नाही. बनावट ॲप बसताना लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते व घाईत ती दिली जाते. मग बँकेचा ओटीपी मालकाने पाहण्यापूर्वीच भामट्याच्या हाती पडतो. कित्येकदा ॲपचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते, आणि ते बसलेच नाही असा समज होतो. सिमकार्ड बदलूनही काही साधत नाही, कारण उपद्रव सिममध्ये नसून फोनमध्ये असतो.

असे ॲप बसल्याची शंका येताच फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकावा व वायफायही बंद असल्याची खात्री करावी. लगेच घरातील दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न असतो. रक्कम पुढील खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती रोखता येते. आलेल्या संदेशाचे छायाचित्र दुसऱ्या फोनने घेऊन ठेवावे, ते तक्रारीस उपयोगी पडते.

त्यानंतर ॲप काढण्याचे काम हाती घ्यावे. फोन प्रथम 'सेफ मोड'मध्ये चालू करावा. बऱ्याच फोनवर 'पॉवर ऑफ' हे चिन्ह दाबून धरले असता हा पर्याय मिळतो. या अवस्थेत मागाहून बसविलेली ॲप चालत नाहीत. मग सेटिंग्जमधील ॲपची संपूर्ण यादी पाहून अनोळखी अथवा बिननावाचे ॲप शोधावे. ते निघत नसेल, तर त्याने 'डिव्हाइस ॲडमिन' हा अधिकार घेतलेला असण्याचा संभव असतो. आंब्यावरील बांडगुळाची नुसती पाने छाटून भागत नाही, तसेच हे आहे. प्रथम तो अधिकार आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी काढून घ्यावी, म्हणजे ॲप निघते. नंतर इंटरनेट सुरू करून प्ले स्टोअरमधील 'प्ले प्रोटेक्ट'ने तपासणी करावी. एवढ्यानेही शंका राहिल्यास छायाचित्रे व संपर्क क्रमांक अन्यत्र ठेवून 'फॅक्टरी रीसेट' करणे श्रेयस्कर. जुनी ॲप मात्र त्या साठ्यातून परत आणू नयेत. बँकेचे पासवर्ड व यूपीआय पिन स्वच्छ फोनवरून बदलावेत, आणि ज्या गटात फाईल आली वा गेली तेथे सर्वांस सावध करावे.

पुढील काळजी फार अवघड नाही. सेटिंग्जमध्ये व्हॉट्सॲप व ब्राउझर यांना दिलेली अनोळखी ॲप बसविण्याची परवानगी बंद ठेवावी, आणि फोनची सुधारित आवृत्ती येताच ती घ्यावी. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी लघुसंदेशाची परवानगी मागते, ते रास्त आहे. परंतु हप्त्याची नुसती माहिती देणाऱ्या ॲपास शेतकऱ्याचे संदेश कशास हवेत, हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. हप्ता जमा झाला किंवा कसे हे पाहावयाचे असल्यास योजनेचे शासकीय संकेतस्थळ आहे, किंवा शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. त्यासाठी कोणतीही फाईल उघडावी लागत नाही.