रक्तपेशीची शिदोरी

सोलापूरच्या घरात चादरींची पेटी उघडली की डांबरगोळीचा वास येतोच. तीच गोळी एखाद्या रांगत्या मुलाने तोंडात घातली, आणि दोन-तीन दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले, अंग पांढरेफटक पडले, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर घरची माणसे काविळीचे औषध शोधत फिरतात. पण बिघाड यकृतात नसतो; रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असतात.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नाही, त्यामुळे रक्तात वाहू लागल्यावर तिला नवे काही घडवता येत नाही. बरोबर आणलेली शिदोरीच अखेरपर्यंत पुरवायची. त्या शिदोरीत एक एन्झाइम असते. डॉक्टर त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. पेशी ज्या प्राणवायूचे ओझे वाहते, त्याचेच काही उग्र अंश तिला जाळू पाहतात. लोखंड गंजते तसाच हा प्रकार. हा गंज निवारणारे ग्लुटाथिओन नावाचे द्रव्य पेशीत असते, व ते पुन्हा पुन्हा ताजे करण्याची सामग्री हे एन्झाइम पुरवते. ते कमी असले तरी माणूस एरवी बहुधा धडधाकटच असतो. डांबरगोळी, हिवतापावरचे प्रायमाक्विन किंवा एखादा जोराचा आजार आला, की मात्र शिदोरी अपुरी पडते.

हे कळले कसे? अमेरिकेत इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग झाले. काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या पेशी त्या औषधाने फुटत. अशा पेशी दुसऱ्या माणसाच्या अंगात घालून औषध दिले, तरी त्या फुटल्याच. उलट केले तेव्हा फुटल्या नाहीत. दोष शरीरात नव्हे, पेशीतच. १९५६ साली तो या एन्झाइमचा अभाव असल्याचे प्रसिद्ध झाले. कैदी स्वेच्छेने तयार झाले होते, असे सांगतात. कुलपाआडच्या स्वेच्छेची किंमत आम्हां चळवळीतल्या माणसांना सांगायला नको.

हा भेद दवाखान्यात फार कामाचा आहे. काही मुलांत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्या तांबड्या पेशींवर उलटते. गिरणीच्या पहारेकऱ्याने कामगारालाच चोर समजून धरावे, तसे! लक्षणे तीच, पण तेथे कूम्ब्स चाचणी बहुधा होकारार्थी येते आणि स्टेरॉइडचा उपयोग होतो. एन्झाइमच्या उणिवेत स्टेरॉइड काय करणार? तेथे कारण दूर करावे लागते, गरज पडली तर रक्त द्यावे लागते. आणखी एक मेख आहे. ऐन आजारात एन्झाइमची तपासणी केली तर ती कधी कधी चांगली निघते, कारण दुबळ्या पेशी मरून गेलेल्या असतात व तरुण पेशींत शिदोरी ताजी असते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.

ही उणीव मुलग्यांत जास्त दिसते व त्यांना ती आईकडून येते. यात आईचा अपराध काडीचाही नाही. मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण मोठे आढळले, आणि एका प्रकाराचे नावच ‘केरळ-कल्याण’ आहे. तेव्हा हे दूरदेशीचे दुखणे समजू नये. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे या विषयाचा अभ्यास झालेला आहे.

उणीव निघाली तर ती कागदावर लिहून घ्यावी, आणि हिवतापाच्या गोळ्या घेण्याआधी तो कागद डॉक्टरपुढे ठेवावा. बाळंतिणीच्या खोलीत पेटीतली दुपटी जशीच्या तशी नेऊ नयेत. डांबरगोळीचा नुसता वासही अशा तान्ह्याला भोवल्याची उदाहरणे आहेत.