मे महिन्यातली शाळा

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांप्रमाणे पिंपरी-चिंचवडलाही अनेक वर्षं 1 मे हा निकालाचा दिवस. प्रगतिपुस्तक हातात पडलं की वल्लभनगरच्या एसटी आगारात मराठवाडा, खानदेश, विदर्भाच्या गाड्यांना गर्दी उसळते. 1971 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 83 हजार होती. 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजारांवर गेली. एवढी माणसं आली ती कारखान्यांमागे, आणि त्यांच्या मुलांची उन्हाळी सुट्टी कायम दोन ठिकाणी वाटली गेली: एकतर गाव, नाहीतर क्लास. या दोहोंच्या मध्ये, फारसा गाजावाजा न होता, एक तिसरी वाट तयार झाली. आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत काही खरं शिकायला मिळावं, म्हणून चाललेल्या उन्हाळी शाळांची. गेल्या चार दशकांत या वाटेवर काय रुजलं आणि काय सुकलं, ते नीट पाहण्याची वेळ आली आहे.

सुरुवातीच्या काळात तिची गरजच कुणाला वाटत नव्हती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसीमागोमाग ट्रक बनवणारी टेल्को आणि बजाज आले. कामगारवस्तीतल्या मुलाचा रस्ता ठरलेला होता: दहावी, मग आयटीआय किंवा टेल्कोची अप्रेंटिसशिप. हाताचं शिक्षण दहावीनंतर सुरू व्हायचं. तोवरच्या सुट्ट्यांत शिकण्यासारखं म्हणजे टायपिंग. मिनिटाला इंग्रजी तीस शब्द, मराठी तीस, जमलं तर चाळीस. परीक्षा परिषदेचं ते प्रमाणपत्र म्हणजे कचेरीतल्या नोकरीचं दार, म्हणून घरची मोठी माणसं हौसेने फी भरत. त्यात मुलाच्या कुतूहलाला जागा नव्हती, पण एक शिस्त होती आणि ती परवडणारी होती.

विशेष म्हणजे, हाताने शिकण्याचा पुढे देशभर पोहोचलेला एक विचार ज्या माणसाने मांडला, तो याच पट्ट्यातल्या कारखान्यात काम करत होता. आयआयटी कानपूरहून 1975 साली बाहेर पडलेले अरविंद गुप्ता टेल्कोत इंजिनिअर होते. 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी त्रिकोण, घन, अणुरचना मुलांच्या हातात दिल्या. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातून निघालेला हा माणूस पुढे पुण्यात परतला आणि त्याने हजारो मुलांना टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. कारखान्यातली बुद्धी शाळेपर्यंत पोहोचू शकते, याचा हा मला माहीत असलेला सर्वांत ठळक पुरावा.

दुसरा पुरावा चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदापर्यंत पोहोचले. ती नोकरी सोडून 1983 मध्ये त्यांनी पाबळच्या कोरडवाहू माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: माणूस काम करताना शिकतो, मग शाळेनेही मुलांना काम द्यावं. आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असावं. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती-पाणी परीक्षण, अन्नप्रक्रिया आणि पशुपालन शिकू लागली. 1987 मध्ये राज्याच्या परीक्षा मंडळाने ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाला मान्यता दिली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, आली. अमेरिकेबाहेर उभ्या राहिलेल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. आश्रमाचं काम मात्र थांबलं नाही. सुट्टीत तिथे शिबिराला येणारी शहरी मुलं आजही आधी पकड आणि करवत हातात घेतात.

तिसरा प्रयोग पुणे विद्यापीठाच्या आवारातला, पण पिंपरी-चिंचवडसाठी तो हाकेच्या अंतरावर. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारली आणि नव्वदच्या दशकात पुणे परिसरातल्या शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. दर आठवड्याला नवा गट. मुलांच्या छोट्या तुकडीला एक मार्गदर्शक, तोही प्रत्यक्ष संशोधन करणारा. अभ्यासक्रम ठरवलेला नाही, परीक्षा नाही. मुलाने आणि मार्गदर्शकाने मिळून विषय ठरवायचा, ग्रंथालय वापरायचं आणि आठवड्याच्या शेवटी आपण काय केलं ते लिहून द्यायचं. नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. त्या सवयीत आणि या उन्हाळी शाळेत एकच विचार होता: प्रश्न मुलाचा असला पाहिजे. 2004 मध्ये पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी तिथे 2014 पर्यंत काम केलं. 20 मे 2025 रोजी, ऐन सुट्टीत, नारळीकर गेले. त्या दिवशी त्यांच्या पुस्तकांइतकंच या आठवड्याभराच्या शाळेचंही स्मरण व्हायला हवं होतं.

2001 नंतर चित्र झपाट्याने बदललं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेलं प्रत्येक मूल एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गात बसू लागलं. टायपिंगची जागा माउसने घेतली. या अभ्यासक्रमाने कामगारांच्या, रिक्षाचालकांच्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलांना पहिल्यांदा संगणकासमोर बसवलं. हे त्याचं मोठं श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं.

याच काळात कारखाने शहराबाहेर चाकणला सरकले. बजाजने 1999 च्या सुमारास तिथे कारखाना काढला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. जमिनी गेल्या, काही घरांत पैसा आला, अनेकांच्या वाट्याला कंत्राटी कामाचा दिवसपगार आला. आणि सुट्टीत घुसली ‘व्हेकेशन बॅच’. नववीचा निकाल लागायच्या आत दहावीचं पुस्तक उघडायचं, दहावीचा निकाल लागायच्या आत अकरावीचं. आठवीपासून जेईई-नीटचं फाउंडेशन. मी या वर्गांना शिक्षण म्हणायला तयार नाही. जो धडा जूनमध्ये शाळेत शिकवला जाणार आहे, तो एप्रिलमध्ये पैसे देऊन घेतल्याने मुलाला नवं काही मिळत नाही. त्याच्याकडचा वर्षातला एकमेव मोकळा काळ तेवढा जातो. शाळेत शिक्षक तो धडा सुरू करतात तेव्हा अर्धा वर्ग कंटाळलेला असतो आणि फी न परवडलेला उरलेला अर्धा धास्तावलेला.

शहराने काही चांगलंही उभं केलं. महापालिकेचं सायन्स पार्क 2013 मध्ये चिंचवडला सुरू झालं. वाहन उद्योगाच्या शहराला साजेसं तिथे वाहनांचं दालन आहे. 2016 पासून केंद्राच्या योजनेतून निवडक शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आल्या. पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, शाळकरी मुलांसाठी तिथेही उपक्रम होतात. साधनांची उणीव राहिलेली नाही. पण शाळेला सुट्टी लागली की शाळेतल्या लॅबलाही कुलूप लागतं, आणि मुलाला वेळ असतो तो नेमका तेव्हाच.

करोनाच्या 2020 आणि 2021 या दोन उन्हाळ्यांनी आपल्याला कठोरपणे शिकवलं. पहिल्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपरच रद्द झाला, दुसऱ्या वर्षी अख्खी परीक्षा. रोबोटिक्सपासून कोडिंगपर्यंत सगळे सुट्टीचे वर्ग मोबाइलवर आले. ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कंपनीत, त्या घरातलं मूल त्या जगाबाहेर राहिलं. आठवी-नववीतली किती मुलं त्या काळात कामाला लागली, याची आठवण या पट्ट्यातल्या शिक्षकांना आहे. मुली घरकामात आणि धाकट्या भावंडांत अडकल्या. उन्हाळी शाळा ही हौसेची गोष्ट नाही हे तेव्हा उघड झालं. सुट्टीत मूल शिक्षणाच्या जवळ राहतं की दूर जातं, यावर पुष्कळ काही ठरतं.

हा सगळा प्रवास पाहिला की टिकलेल्या प्रयोगांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. तिथे मुलासोबत स्वतः ते काम करणारा माणूस होता: आयुकात संशोधक, पाबळला वेल्डिंग करणारा. दुसरं, शेवटी हातात काहीतरी उरलं, मग तो अहवाल असो की जोडलेला दिवा. तिसरं, पैशावाचून कुणाचं अडलं नाही, किंवा अडू नये याची काळजी घेतली गेली. जिथे या तीन गोष्टी नव्हत्या, तिथे प्रमाणपत्रं वाटली गेली आणि जूनमध्ये विसरली गेली.

यातली पहिली गोष्ट तर या पट्ट्याकडे देशातल्या कुठल्याही शहराहून जास्त आहे. भोसरीच्या गाळ्यांत साचे बनवणारे टूल-मेकर आहेत, चाकणला रोबो चालवणारे तंत्रज्ञ आहेत, निवृत्त फोरमन आणि क्वालिटी इन्स्पेक्टर तर निगडी-आकुर्डीच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. चालू यंत्रांमध्ये चौदा-पंधरा वर्षांची मुलं नेता येणार नाहीत. बालकामगारविषयक कायदा त्यांना धोकादायक कामापासून दूर ठेवतो आणि ते योग्यच आहे. पण मोठ्या कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग आहेत, आयटीआयच्या कार्यशाळा आहेत, शाळांच्या टिंकरिंग लॅब आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते बारावीच्या मुलांना व्यवसाय शिकण्याची संधी सुट्टीच्या काळातही द्यावी असं लिहिलेलं आहे. पाबळने हे धोरण कागदावर येण्याच्या कितीतरी आधी करून दाखवलं.

म्हणून मागणी नेमकी आहे. महापालिकेने आणि चाकण परिसरातल्या शाळांनी मे महिन्यात लॅबची कुलुपं उघडावीत. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून पाट्या आणि पंखे देण्यापेक्षा आपली माणसं आठवडाभरासाठी द्यावीत. गट लहान असावेत, फी नसावी, मुलींच्या जागा राखून ठेवाव्यात. 2025 मध्ये राज्याने वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत नेल्या, त्यामुळे सुट्टी आणखी आखडली आहे. गावाला जाणाऱ्या मुलांना गाव मिळालंच पाहिजे, म्हणून महिनाभराचे वर्ग नकोत. एकेका आठवड्याचे गट करावेत, म्हणजे गावाहून जूनमध्ये परतणाऱ्यालाही जागा राहील. ज्या शहराने देशाला ट्रक, स्कूटर आणि मोटारी दिल्या, त्या शहराला आपल्या नववीतल्या मुलांना एक आठवडा देणं अवघड नाही. येत्या एप्रिलआधी ते ठरवायला हवं.